वाफेतल्या धातूची परीक्षा आपल्याच हंगामात घ्या

प्रति,
मा. महासंचालक, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, मांजरी बुद्रुक, पुणे
आणि
अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांची संचालक मंडळे



हे पत्र एका मागणीसाठी आहे, आणि ती मागणी सुरुवातीलाच मांडतो. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात, चालू बॉयलरच्या खऱ्या वाफेत, एक अख्खा गळीत हंगाम धातूंवरच्या संरक्षक थरांची चाचणी घ्या. नायट्राइडचा, म्हणजे नायट्रोजनच्या कठीण संयुगाचा, थर दिलेले नमुने आणि काहीही न दिलेले नमुने शेजारी शेजारी ठेवा. हंगाम संपला की ते कापा, मोजा, आणि निकाल चांगला येवो की वाईट, मराठीत छापून सगळ्या कारखान्यांना वाटा.

मी बेलापूरचा ऊस उत्पादक आणि धातुशास्त्राचा विद्यार्थी आहे. नवी मुंबईचे नव्हे, प्रवरेच्या काठचे श्रीरामपूर तालुक्यातले हे बेलापूर. या गावाचे नाव वाफेच्या यंत्रांशी शंभर वर्षांपासून जोडलेले आहे. श्रीरामपुरातल्या रेल्वे स्टेशनला बेलापूर हेच नाव मिळाले. भंडारदऱ्याचे धरण आणि प्रवरेचे कालवे झाले, त्याच काळात बेलापूर कंपनीने हरेगावला साखर कारखाना उभा केला. १९३३ साली महाराष्ट्र शुगर मिल्स स्थापन झाली आणि महादेव लक्ष्मण डहाणूकरांनी टिळकनगर वसवले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी कारखान्याचा पाया घातला आणि १९५०-५१ च्या हंगामात तिथे पहिला ऊस गाळला गेला. हरेगावचा कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली. त्या कारखान्याच्या जमिनी, शेती महामंडळ, खंडकऱ्यांचा लढा या गोष्टींवर आमच्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे आणि ते बोलणे गरजेचेच होते. पण या सगळ्या कारखान्यांच्या पोटात जो बॉयलर रात्रंदिवस पेटलेला असतो, त्याच्या धातूबद्दल सभासदांच्या सभेत बोलणे होत नाही. ते व्हायला हवे, कारण मधल्या काळात त्या बॉयलरमधली वाफ पूर्वीची राहिलेली नाही.

जुन्या कारखान्यांत वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला २१ किलोच्या आसपास असे आणि तापमान साधारण ३४० अंश सेल्सिअस. त्या वाफेवर मिल फिरे, रस आटे आणि कारखान्यापुरती वीज होई. सहवीजनिर्मिती आली तशी गणिते बदलली. तितक्याच बगॅसमधून, म्हणजे उसाच्या चोथ्यातून, जास्त वीज काढायची तर वाफ जास्त दाबाची आणि जास्त तापलेली हवी. म्हणून ४५ किलो, मग ६७ किलो आणि ४८५ अंशांच्या पुढे, मग ८७ किलो आणि ५१५ अंश, आणि आता ११० किलो आणि ५४० अंश, असे बॉयलर बसत गेले. महावितरणला विकलेल्या विजेने अनेक कारखान्यांना हात दिला, यात शंका नाही. पण या प्रत्येक पायरीवर धातूवरचा ताण किती वाढला, हे वीज विक्रीच्या ताळेबंदात दिसत नाही.

तो ताण नेमका काय, ते सांगतो. लोखंड आणि तापलेली वाफ एकत्र आली की वाफेतला ऑक्सिजन लोखंड घेते आणि हायड्रोजन सुटतो. लोखंडावर काळा मॅग्नेटाइटचा थर बसतो. हा थर शत्रू नाही. पातळ आणि घट्ट असेल तर तोच ट्यूबच्या आतल्या धातूचे रक्षण करतो. अडचण जाडी वाढल्यावर सुरू होते. घरातली जमीन शेणाने सारवताना पातळ हात धरून बसतो आणि थरावर थर चढला की पोपडे निघतात, तसेच इथे होते. पोलाद आणि मॅग्नेटाइट तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. बॉयलर थंड झाला की दोघांच्या आकसण्यात फरक पडतो आणि जाड थर तडकून सुटतो. सुटलेल्या कपच्या सुपरहीटर कॉइलच्या खालच्या वळणात साचतात. तिथे वाफेचा प्रवाह अडतो, ट्यूबला थंड ठेवणारे काही उरत नाही, ती तापते, फुगते आणि फुटते. ज्या कपच्या अडकत नाहीत त्या वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जातात आणि नोझल व पहिल्या रांगेच्या पात्यांवर वाळूसारख्या आदळत राहतात.

यात साखर कारखान्याचे दुखणे वेगळे आहे. औष्णिक वीज केंद्राचा संच एकदा चालू झाला की शक्यतो चालूच ठेवतात. आपल्याकडे अवकाळी पाऊस आला, तोड थांबली, गव्हाणीत ऊस नाही, मिलमध्ये बिघाड झाला, की बॉयलरचा भार उतरतो किंवा बॉयलर थांबतो. तापणे आणि थंड होणे जितके वारंवार, तितके पोपडे सुटण्याचे प्रसंग जास्त. त्यात आणखी एक बारकावा आहे. वाफ ५४० अंशांची असली तरी ट्यूबचा धातू तितकाच तापलेला नसतो. बाहेरून भट्टीतल्या गरम वायूची झळ लागत असल्याने तो वाफेपेक्षा बऱ्याच अंशांनी जास्त तापतो. शुद्ध लोखंडासाठी ५७० अंश ही महत्त्वाची सीमा आहे. तिच्या वर वुस्टाइट नावाचे ऑक्साइड तयार होते आणि थर फार वेगाने वाढू लागतो. क्रोमियम घातलेल्या पोलादात ही सीमा वर सरकते. म्हणूनच सुपरहीटरच्या जास्त तापणाऱ्या भागाला टी-११, टी-२२ किंवा टी-९१ जातीच्या ट्यूब लागतात. टी-११ मध्ये क्रोमियम सव्वा टक्का, टी-२२ मध्ये सव्वादोन टक्के आणि टी-९१ मध्ये सुमारे नऊ टक्के असते. दुरुस्तीच्या घाईत हाताशी असलेली कमी प्रतीची ट्यूब जोडली, तर तो सांधा पुढच्या बिघाडाची जागा ठरतो.

ट्यूब फुटल्याचा खर्च कारखान्याच्या दुरुस्तीच्या खात्यावर पडतो असे वाटते, पण तो तिथे संपत नाही. बॉयलर थंड करायचा, फुटलेली ट्यूब कापायची, नवी जोडायची, वेल्डिंगची तपासणी करायची, हायड्रॉलिक टेस्ट घ्यायची, यात गाळप थांबलेले राहते. तोडलेला ऊस ट्रॉलीत आणि बैलगाडीत वाळतो. वजन घटते ते शेतकऱ्याचे. उसातली साखर मोडते, उतारा घसरतो आणि एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, उताऱ्याशी जोडलेली असल्याने त्याचा फटकाही शेवटी शेतकऱ्यालाच. पाथर्डीहून, बीडहून आलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोड जोडप्याला, टनावर मजुरी मिळते. गाळप बंद म्हणजे त्यांच्या हाताला काम नाही आणि थंडीत, लहान लेकरांसह, मुक्काम मात्र चालूच. आणि बॉयलर हाऊसमध्ये त्या क्षणी जो फायरमन, जो बॉयलर अटेंडंट उभा असतो, त्याच्या जिवाचा प्रश्न या सगळ्याच्या आधी येतो. ट्यूबच्या आतला मिलिमीटरच्या काही भागाएवढा थर इतक्या माणसांशी बांधलेला आहे, म्हणून मी त्यावर इतक्या तपशिलाने लिहितो आहे.

आता नायट्राइडकडे येतो. टायटॅनियम, क्रोमियम, अॅल्युमिनियम यांचा नायट्रोजनशी संयोग झाला की फार कठीण संयुगे तयार होतात. कोणत्याही वर्कशॉपमध्ये सोनेरी रंगाचे ड्रिल दिसते, त्यावरचा तो सोनेरी थर टायटॅनियम नायट्राइडचा. क्रोमियम नायट्राइड रुपेरी करड्या रंगाचे असते. टायटॅनियम-अॅल्युमिनियम नायट्राइड जांभळट काळे दिसते. पुण्याच्या भोसरी-चाकण पट्ट्यात हत्यारांवर आणि साच्यांवर असे थर देण्याचे काम वर्षानुवर्षे चालते. निर्वात पेटीत धातूची वाफ करून, नायट्रोजन सोडून, दोन ते पाच मायक्रॉन जाडीचा थर बसवतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. व्हिकर्स मापाने या थरांची कठीणता दोन हजारांच्या आसपास जाते.

दुसरा मार्ग नायट्रायडिंगचा. त्यात वरून वेगळा थर बसवत नाहीत. पोलादाचा भाग अमोनियाच्या वायूत पाचशे ते साडेपाचशे अंशांना बरेच तास ठेवतात आणि नायट्रोजन पोलादातच शिरतो. जर्मनीत क्रुप कंपनीत अॅडॉल्फ फ्राय यांनी १९२० च्या दशकात हे तंत्र आणि त्यासाठीची पोलादे विकसित केली. नायट्रोजन धातूच्या अंगात मुरलेला असल्याने हा थर सहज सुटत नाही. वाफेच्या व्हॉल्व्हचे स्पिंडल याच पद्धतीने कठीण करण्याची वहिवाट जुनी आहे.

हे सगळे ऐकल्यावर बॉयलरच्या प्रत्येक ट्यूबला नायट्राइडचा थर द्यावा असे कोणालाही वाटेल. मी तसे मागत नाही, कारण तसे करणे चूक ठरेल. त्याची कारणे नीट समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण पोहोचण्याचे. निर्वात पेटीतला थर जिथे धातूची वाफ सरळ रेषेत जाऊन पडते तिथेच नीट बसतो. सुपरहीटरची ट्यूब चाळीस-पन्नास मिलिमीटर व्यासाची, अनेक मीटर लांब आणि वळणावळणाची. तिच्या आतल्या बाजूला, म्हणजे वाफ ज्या पृष्ठभागाला लागते तिथे, असा थर एकसारखा देणे या पद्धतीच्या आवाक्याबाहेर आहे. शिवाय ट्यूब बदलताना वेल्डिंग करावेच लागते आणि सांध्याजवळचा थर त्या उष्णतेत टिकत नाही.

दुसरे कारण तापमानाचे. टायटॅनियम नायट्राइड पाचशे-सहाशे अंशांच्या दरम्यान ऑक्सिजन घेऊ लागते आणि तयार होणारे टायटॅनियम ऑक्साइड सच्छिद्र असते, ते रक्षण करत नाही. क्रोमियम नायट्राइड सुमारे सातशे अंशांपर्यंत तग धरते आणि त्यावर घट्ट क्रोमियम ऑक्साइड बसते. अॅल्युमिनियम असलेले नायट्राइड आणखी वर जाते. पण विक्रेत्यांच्या पत्रकांत छापलेले हे आकडे बहुतेक कोरड्या हवेतले असतात. वाफेत गोष्ट बदलते. वाफ आणि ऑक्सिजन दोन्ही असतील तर सहाशे अंशांच्या वर क्रोमियम ऑक्साइडमधून क्रोमियमचे उडून जाणारे संयुग तयार होऊ शकते आणि रक्षण करणारा थर हळूहळू झिजतो. कोरड्या हवेतल्या यशावरून वाफेतल्या यशाची हमी देता येत नाही.

तिसरे कारण बारीक छिद्रांचे. या थरांत सुईच्या टोकाहून लहान छिद्रे आणि धातूचे बारीक थेंब राहून जातात. वाफ तिथून खाली शिरली की थराखालचे पोलाद गंजते आणि थर वरून उचलला जातो. चौथे कारण पोलादाच्या जातीचे. स्टेनलेस पोलादाला साडेचारशे अंशांच्या वर नायट्रायडिंग केले तर नायट्रोजन त्यातल्या क्रोमियमला धरून ठेवतो. गंज रोखणारे क्रोमियम असे अडकून पडले की पृष्ठभाग कठीण होतो, पण गंजाला उघडा पडतो. जास्त तापमानाच्या वाफेत नायट्रायडिंग केलेल्या स्पिंडलवर ऑक्साइड वाढून स्पिंडल आणि बुश यांच्यातली फट बुजल्याचे वीज केंद्रांत दिसून आले आहे. टर्बाइनचा आपत्कालीन स्टॉप व्हॉल्व्ह ऐन वेळी अडकला तर टर्बाइनचा वेग हाताबाहेर जातो. म्हणजे सुरक्षेसाठी दिलेला थर चुकीच्या ठिकाणी धोका होऊ शकतो.

मग नायट्राइडचा उपयोग कुठे? जिथे भाग लहान आहे, निर्वात पेटीत मावतो, ज्याच्या पृष्ठभागावर घर्षण किंवा कणांचा मारा आहे आणि जिथले तापमान त्या थराच्या मर्यादेच्या बरेच खाली आहे, तिथे. कंट्रोल व्हॉल्व्हचे प्लग आणि सीट, दाब कमी करणाऱ्या स्टेशनचे अंतर्भाग, स्पिंडल, फीड पंपाच्या स्लीव्ह, टर्बाइनच्या पहिल्या नोझलचे आणि पात्यांचे नमुने ही पहिली यादी होऊ शकते. पात्यांसाठी क्रोमियम कार्बाइडचा फवारलेला थर हाही प्रतिस्पर्धी उमेदवार आहे, त्यालाही याच परीक्षेला बसवावे. ट्यूबसाठी उत्तर वेगळे आहे. योग्य जातीचे पोलाद, धातूच्या तापमानावर नजर, आणि बॉयलर सावकाश तापवण्याची व थंड करण्याची शिस्त.

परिस्थिती बदलली की थराचा गुण कसा बदलतो, याचे उदाहरण जगाने अलीकडे पाहिले आहे. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांतली शीतकरण व्यवस्था बंद पडली. तिथे इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात. तापलेल्या वाफेत झिर्कोनियमही ऑक्सिजन घेते आणि हायड्रोजन सोडते. या क्रियेतून उष्णताही निघते, त्यामुळे बाराशे अंशांच्या वर ती स्वतःलाच वेग देत राहते. साठलेल्या हायड्रोजनचे स्फोट १२ ते १५ मार्चदरम्यान झाले. त्यानंतर अमेरिका, फ्रान्स, दक्षिण कोरिया आणि इतर देशांत अशा नळ्यांवर संरक्षक थर देण्याच्या संशोधनाने जोर धरला. क्रोमियम, क्रोमियम नायट्राइड, टायटॅनियम नायट्राइड आणि टायटॅनियम-अॅल्युमिनियम नायट्राइड असे अनेक थर तपासले गेले.

त्यातला एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. अॅल्युमिनियम असलेला नायट्राइडचा थर अतितप्त वाफेत चांगले काम करू शकतो, पण अणुभट्टीच्या रोजच्या कामाची परिस्थिती धरून केलेल्या, ३६० अंशांच्या आसपासच्या दाबाखालच्या पाण्यातल्या चाचणीत त्यातले अॅल्युमिनियम पाण्याशी संयोग पावून बोमाइट नावाचे खनिज बनते आणि थर खराब होतो. म्हणून संशोधकांनी बाहेरच्या बाजूला टायटॅनियम नायट्राइड ठेवून आलटून-पालटून थर रचून पाहिले. प्रत्यक्ष वीज देणाऱ्या अणुभट्ट्यांत चाचणीसाठी पुढे गेलेल्या थरांत साधे धातुरूप क्रोमियम आघाडीवर आहे. अपघाताच्या तापमानाला उत्तम ठरलेला थर रोजच्या पाण्यात टिकेलच असे नाही, हे त्यांनी मोजून पाहिल्यामुळेच कळले. आपल्या बॉयलरचीही तीच गत आहे. हंगामातली कोरडी वाफ, बंद पडताना साचणारे पाणी आणि बंद काळातला, विशेषतः पावसाळ्यातला, दमटपणा या तिन्ही अवस्था त्या थराला सोसाव्या लागतील. म्हणून चाचणी हंगामाच्या शेवटच्या दिवशी संपवू नये. काही नमुने ऑफ सीझनमध्येही जागेवरच राहू द्यावेत.

परदेशातले किंवा कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या सुपरक्रिटिकल संचातले निष्कर्ष जसेच्या तसे उचलून चालणार नाही, याला आणखी एक कारण आहे आणि ते निव्वळ आपल्या उद्योगाचे आहे. साखर कारखान्यात आटवणीच्या भांड्याची एखादी ट्यूब गळली की रस कंडेन्सेटमध्ये मिसळतो. ती साखर बॉयलरमध्ये गेली की उष्णतेने मोडते, आम्ले तयार होतात, पाण्याचा सामू घसरतो, फेस येतो आणि ड्रममधून क्षार व घाण वाफेबरोबर सुपरहीटरमध्ये पोहोचते. म्हणून प्रयोगशाळेतला केमिस्ट अल्फा नॅफ्थॉल टाकून कंडेन्सेटमध्ये साखरेचा अंश बघत असतो. कोळशावरच्या वीज केंद्राला ही काळजी नसते. रात्रपाळीत ती परीक्षानळी हातात धरणारा माणूस सुपरहीटरचा पहिला रक्षक आहे. त्याची चाचणी चुकली तर जगातला कोणताही थर ट्यूब वाचवू शकणार नाही. चाचणीच्या हंगामात कंडेन्सेटच्या या नोंदी तासागणिक जपल्या पाहिजेत, नाहीतर नमुन्यांवर जे दिसेल त्याचा अर्थ लावता येणार नाही.

आता चाचणी कशी करावी, हे माझ्या समजुतीप्रमाणे मांडतो.

मुख्य वाफवाहिनीला बगल देणारा छोटा नळ बसवून त्यात नमुन्यांची चौकट अडकवावी. टी-११, टी-२२, टी-९१ आणि टर्बाइनच्या पात्याचे बारा टक्के क्रोमियमचे पोलाद, प्रत्येकाचे साधे तुकडे आणि थर दिलेले तुकडे. क्रोमियम नायट्राइड, टायटॅनियम-अॅल्युमिनियम नायट्राइड, नायट्रायडिंग आणि क्रोमियम कार्बाइड असे चार पर्याय सुरुवातीला पुरेत. १२० दिवसांचा हंगाम धरला तर २,८८० तासांची वाफ त्यांना मिळेल. आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर वजन, मग काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ऑक्साइडची जाडी, थराखालचा गंज, तडे. घट्ट बसलेला ऑक्साइडचा थर साधारणपणे वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट व्हायला चौपट तास लागतात. त्यामुळे एका हंगामाच्या मोजणीवरून पुढच्या तीन-चार हंगामांचा सावध अंदाज बांधता येतो. मोजणी त्या वर्गमुळाच्या रेषेवर बसली नाही, तर थर सुटतो आहे ही सूचना लगेच मिळते. बॉयलरवर आधीच असलेल्या ट्यूबांच्या आतला ऑक्साइड बाहेरून अल्ट्रासोनिक पद्धतीने मोजता येतो. तो ऑफ सीझनच्या ओव्हरहॉलिंगमध्ये ठरलेल्या जागी दरवर्षी मोजून वहीत लिहावा.

ही चौकट आणि तो बगलेचा नळ दाबाखालचा भाग आहे, हे विसरता येणार नाही. १९२३ च्या जुन्या कायद्याची जागा आता २०२५ च्या बाष्पक कायद्याने घेतली आहे. दाबाखालच्या भागात कोणताही बदल बाष्पके संचालनालयाच्या मंजुरीशिवाय होऊ नये. संचालनालयाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. तपासणी अधिकाऱ्यांचा अनुभव या कामात मोलाचा ठरेल.

खर्चाची शंका येईल, म्हणून सांगतो. नमुने तळहाताएवढे असतील. थर देणारे पुण्यात आहेत. मोजणारे आपल्याच जिल्ह्यात आहेत. १९८३ साली लोणी, कोपरगाव आणि संगमनेर या तिन्ही ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि ती सहकाराच्या पोटातूनच निघाली. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रकल्प मिळणार नाही. पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचा (पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा) धातुशास्त्र विभाग सूक्ष्मदर्शकाचे काम करू शकतो. आपली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून कारखान्यांच्या आणि ऊस उत्पादकांच्या पैशावर उभी राहिली आहे. तिने उसाच्या जाती दिल्या, माती आणि पाण्याचे परीक्षण शिकवले. धातूच्या या कामासाठी लागणारा विश्वास तिच्याकडेच आहे, कारण कोणताही एक कारखाना आपल्या फुटलेल्या ट्यूब दुसऱ्याला दाखवायला कचरतो. आपण ती माहिती कारखान्याचे नाव न छापता गोळा करू शकता. ट्यूब कुठे फुटली, किती तास चालली होती, तिची जात कोणती, त्या आठवड्यात कंडेन्सेटची परीक्षा काय सांगत होती, एवढ्या चार रकान्यांचा तक्ता प्रत्येक कारखान्याने भरला तरी तीन हंगामांत आपल्याकडे मोठा साठा होईल. १९३६ पासून चालत आलेली डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन आपल्या वार्षिक अधिवेशनात त्यावर खुली चर्चा घडवू शकते.

संचालक मंडळांना वेगळी विनंती आहे. निविदेत नुसते ‘कोटिंगसह’ असे लिहून पैसे देऊ नका. थर कोणता, किती मायक्रॉन, कोणत्या पोलादावर, चिकटून राहण्याची कोणती चाचणी उत्तीर्ण, आणि सर्वांत महत्त्वाचे, वाफेत किती तास आणि किती अंशांना तपासला, हे लेखी घ्या. कोरड्या हवेतला अहवाल स्वीकारू नका. काम करणाऱ्या लोकांनाही त्यात सामील करा. चीफ इंजिनिअरपासून बॉयलर अटेंडंटपर्यंत ज्यांच्या हातून व्हॉल्व्ह रोज फिरतो, त्यांना स्पिंडल जड फिरू लागल्याचे यंत्राआधी कळते. त्यांची नोंद वहीत आली पाहिजे आणि त्या वहीला सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्राइतकीच किंमत मिळाली पाहिजे.

अहवाल मराठीत असावा हा माझा आग्रह आहे. फायरमन, फिटर, वेल्डर आणि आयटीआयमधून नुकताच आलेला पोरगा यांना तो वाचता आला पाहिजे. धातू वाचवण्याची निम्मी कामे त्यांच्या हातून होतात. बॉयलर किती वेगाने तापवायचा, ड्रेन कधी उघडायचे, पावसाळ्यात बॉयलर कोरडा ठेवायचा की भरलेला, हे निर्णय त्यांच्या पाळीत होतात. त्यामागचे कारण समजलेला माणूस घाईच्या रात्रीही शिस्त सोडत नाही.

सभासद बंधू-भगिनींनाही या पत्रातून सांगतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण दर विचारतो, उतारा विचारतो, वजनकाटा विचारतो. यंदा आणखी एक प्रश्न विचारा. गेल्या हंगामात बॉयलर किती तास थांबला, का थांबला, आणि तो पुन्हा त्याच कारणाने थांबू नये म्हणून काय केले? हा प्रश्न कोणाला अडचणीत आणण्यासाठी विचारू नका. उत्तर लिहून ठेवण्याची सवय लागावी म्हणून विचारा.

महासंचालक महोदय, पुढच्या ऑफ सीझनमध्ये जिल्ह्यातला एक कारखाना निवडावा, संचालनालयाची मंजुरी घ्यावी, नमुने तयार करून घ्यावेत आणि अग्निप्रदीपनाआधी ती चौकट वाफवाहिनीवर बसवावी. नायट्राइडचा थर त्या परीक्षेत उतरला तर आपल्याला एक स्वस्त आणि टिकाऊ उपाय मिळेल. नाही उतरला तर ज्या ठिकाणी त्यावर पैसे खर्च करू नयेत, ती यादी मिळेल. दोन्हींचा फायदा ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला आणि बॉयलरसमोर उभ्या असणाऱ्या माणसाला होईल. या कामासाठी माझ्याकडून जे काही होईल, नमुने मोजण्यापासून अहवाल मराठीत लिहिण्यापर्यंत, ते मी विनामोबदला करीन.

आपल्या निर्णयाची वाट पाहतो.

आपला विश्वासू,
एक ऊस उत्पादक सभासद,
बेलापूर, ता. श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर